मेलेला घोडा, रानहंस आणि चुकीचं झाड: प्रयत्न का फसला, हे विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका ब्रिटिश गुप्तहेर मालिकेची मराठी उपशीर्षकं करताना एकाच भागात तीन वाक्प्रचार आले. 'वाइल्ड गूज चेस', 'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स' आणि 'बार्किंग अप द राँग ट्री'. तुम्ही तिन्ही ठिकाणी 'व्यर्थ खटाटोप' लिहिलंत आणि संपादकांनी काम परत पाठवलं. शब्दकोशात तिन्हींपुढे 'निष्फळ प्रयत्न' असंच दिलेलं असताना चुकलं काय, आणि हे घोडे, हंस, कुत्रे इंग्रजीत आले तरी कुठून?

मी तीस वर्षं इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते आहे, त्यातली बरीच वर्षं अनुवाद शिकवतेही आहे. माझ्या मते तुमचे संपादक बरोबर आहेत. शब्दकोश तुम्हाला शेवट सांगतो: प्रयत्न फसला. वाक्प्रचारातला प्राणी त्याच्या एक पाऊल मागे जातो आणि प्रयत्न कशामुळे फसला ते सांगतो. घोडा मेलेला आहे, म्हणजे विषयच संपलेला आहे. रानहंसामागे धावताय, म्हणजे हाती लागणारं काही नाही आणि पुढचा तुम्हाला नेईल तिकडे तुम्ही फरफटत चालला आहात. झाड चुकीचं आहे, म्हणजे शिकार खरी आहे, कुत्राही तरबेज आहे, फक्त जागा चुकली. गुप्तहेर कथेत हा फरक म्हणजे कथानकच असतं. 'झाड चुकलं' म्हटलं की गुन्हेगार आहे, पण दुसरा कुणीतरी. 'रानहंस' म्हटलं की कुणीतरी मुद्दाम फिरवतंय. तिन्ही ठिकाणी 'व्यर्थ खटाटोप' लिहिल्यावर प्रेक्षकाच्या हातातून हे धागे निसटतात.

मेलेल्या घोड्यापासून सुरुवात करते, कारण त्याची गोष्ट मला सगळ्यांत आवडते.

इंग्रजीत 'मेलेला घोडा' चाबकाच्या आधीपासून आहे. सतराव्या शतकात आगाऊ पैसे घेऊन खर्चून टाकले आणि मग त्यापोटी राबावं लागलं, तर त्या कामाला 'मेलेला घोडा' म्हणत. घोडा विकत घेतला, तो मेला, आणि हप्ते मात्र चालूच, अशी ती कल्पना. जहाजावरच्या खलाशांनी हा शब्द जिवंत ठेवला. बंदर सोडण्याआधी त्यांना साधारण महिन्याचा पगार आगाऊ मिळे आणि तो जमिनीवरच संपे, बऱ्याचदा खाणावळवाल्याची उधारी फेडण्यात. त्यामुळे समुद्रावरचा पहिला महिना फुकट राबल्यासारखा वाटायचा. तो संपला की काही जहाजांवर सोहळा होई: गोणपाटाचा, आत पेंढा भरलेला घोडा करायचा, गाणं म्हणत त्याला डोलकाठीच्या आडव्या दांड्यापर्यंत चढवायचं आणि दोर कापून समुद्रात सोडून द्यायचं. कर्ज फिटलं, आता खरी कमाई सुरू.

आज आपण वापरतो तो चाबकाचा अर्थ मात्र संसदेतून लोकप्रिय झाला. जॉन ब्राइट हे एकोणिसाव्या शतकातले मोठे वक्ते, बर्मिंगहॅमचे खासदार. मताधिकार वाढवावा म्हणून १८५८-५९ च्या हिवाळ्यात त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, पण लोक काही पेटले नाहीत. मार्च १८५९ मध्ये लॉर्ड एल्को यांनी कॉमन्स सभागृहात सांगितलं, की 'आपण मेलेल्या घोड्याला चाबूक मारत होतो असं आढळलं' हे उद्गार ब्राइट यांच्या नावावर सांगितले जात आहेत. म्हणजे नोंद आहे ती विरोधकानं केलेली, ऐकीव आणि थोडी डिवचणारी. पुढे काय झालं? १८६७ मध्ये मताधिकाराचा कायदा झाला आणि इंग्लंड-वेल्समधले मतदार सुमारे दहा लाखांवरून वीस लाखांच्या आसपास गेले. ज्या घोड्यामुळे हा वाक्प्रचार गाजला तो घोडा आठ वर्षांत उठून धावला! वर्गात हे सांगते तेव्हा मी विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम दाखवते: घोडा मेलाय की नाही हे बोलणारा ठरवत असतो. 'लेट्स नॉट फ्लॉग अ डेड हॉर्स' असं बैठकीत म्हणणारा माणूस बऱ्याचदा चर्चा बंद करू पाहत असतो. पटकथेत ही ओळ कोण कोणाला म्हणतंय, ते बघूनच मराठी शब्द निवडा.

मराठीत याच्या सगळ्यांत जवळचं म्हणजे 'शिळ्या कढीला ऊत आणणे'. जवळचं आहे, तेच नाही. कढी शिळी असली तरी तिला ऊत येतो. उकरून काढलेल्या जुन्या वादाने पुन्हा कलकलाट होऊ शकतो. मेलेला घोडा हलत नाही. म्हणून जुनं भांडण कुणी पुन्हा पेटवत असेल तर कढी चालेल. पण तपासात आता काही उरलेलं नाही असं म्हणायचं असेल तर कढी चुकीचं चित्र उभं करते. आणि एका सापळ्यापासून सावध राहा. एका विद्यार्थ्याने 'मेलेला' शब्द पकडून 'मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे' लिहिलं होतं. तो आरोप आहे, दुसऱ्याच्या संकटातून स्वतःचा फायदा काढण्याचा. मूळ वाक्यातल्या बिचाऱ्या पात्राने असं काहीच केलेलं नव्हतं.

आता रानहंस. 'वाइल्ड गूज चेस' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते हंसामागे धावणारा आणि दमून बसणारा माणूस. अठराव्या शतकातल्या सॅम्युअल जॉन्सनच्या इंग्रजी शब्दकोशातही जवळपास हाच अर्थ आहे. पण मूळची शिकार हंसांची नव्हतीच. ती घोड्यांची शर्यत होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस घोडेस्वारीवर लिहिणाऱ्या जर्व्हिस मार्कहम यांच्या लेखनात ती सापडते, आणि सतराव्या शतकातल्या वर्णनात नियमही मिळतात. पहिले २४० यार्ड घोडे सरळ धावायचे. त्यानंतर जो पुढे गेला त्याने मन मानेल तिकडे वळायचं, चिखलातून, झुडपातून, कुठूनही. मागच्याने ठरलेल्या अंतरात राहून त्याच वाटेने जायचं, मागे पडलाच तर सोबत धावणारे पंच चाबकाने त्याच्या घोड्याला हाकणार. दुसऱ्याला दूर मागे टाकील तो जिंकला. उडत्या हंसांच्या थव्यात पुढचा वळेल तसे मागचे ठरावीक अंतर राखून वळतात, म्हणून हे नाव. हिवाळ्यात पैठणच्या जायकवाडी जलाशयावर पट्टकादंब हंस येतात. त्यांची पाचरीच्या आकारातली रांग संध्याकाळी वळताना पाहिलीत तर हे नाव कुणाला सुचलं असेल ते लगेच कळतं.

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये, छापील पहिली प्रत १५९७ ची, दुसऱ्या अंकात रोमिओ आणि मर्क्युशिओ एकमेकांवर कोट्या करताहेत. रोमिओ म्हणतो, चाबूक मार, टाच मार, नाहीतर मी जिंकलो. त्यावर मर्क्युशिओ म्हणतो, आपली बुद्धी जर रानहंसाची शर्यत धावणार असेल तर मी हरलोच. आधीच्या वाक्यातला चाबूक आणि टाच पाहा: बोलणं घोड्यांचंच चाललंय. तू नेशील तिकडे मला यावं लागणार, ही मर्क्युशिओची तक्रार आहे, आणि तिच्यात व्यर्थपणाचा मागमूसही नाही. पुढे शर्यत बंद पडली, लोक ती विसरले, शब्द तेवढे उरले. मग त्या शब्दांकडे पाहून लोकांनी नवा अर्थ लावला: हंस कुठे हाती लागतो? वाक्प्रचार असेच जगतात. त्यांचा जन्म ज्यातून झाला ते जग संपतं आणि पुढची पिढी उरलेल्या शब्दांना आपलं स्पष्टीकरण जोडते.

तरी जुन्या शर्यतीचा एक अंश आजच्या वापरात टिकून आहे. 'त्याने आपल्याला वाइल्ड गूज चेसवर पाठवलं' असं म्हणतात, तेव्हा पुढे कुणीतरी नेणारा असतो. आपल्याकडचं 'मृगजळामागे धावणे' अर्थाने फार जवळ आहे, आणि त्यातही प्राणी आहे: तहानेने वाळवंटात धावणारं हरीण. पण हरणाला फसवतं ते त्याची तहान आणि ऊन. माणसाने माणसाला फिरवलं असेल तर 'भलत्याच मागावर धाडलं', 'उगाच वणवण करायला लावलं' हे मला जास्त नेमकं वाटतं.

फिरवण्याचा आणखी एक इंग्रजी प्रकार, मुख्यतः अमेरिकेतला, म्हणजे 'स्नाइप हंट'. नवख्या पोराच्या हातात पोतं द्यायचं, त्याला रात्री रानात उभं करायचं, 'आता पाणलावा पक्षी येऊन यात शिरेल' असं सांगायचं आणि बाकीच्यांनी घरी जायचं. पक्षी खरा आहे, फक्त तो पोत्यात शिरत नाही. जाता जाता सांगते, याच पक्ष्यावरून 'स्नायपर' हा शब्द आला, आणि तो भारतातून. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथले इंग्रज अधिकारी पाणलाव्याच्या शिकारीला 'स्नायपिंग'ला जातो म्हणत. वेडावाकडा उडणारा हा छोटा पक्षी टिपायला नेम पक्का लागतो.

तिसरा तुमचा कुत्रा. हा वाक्प्रचार अमेरिकी आहे, १८३० च्या दशकापासून छापील मिळतो. डेव्ही क्रॉकेट या अमेरिकी शिकारी-राजकारण्याविषयीच्या १८३३ च्या पुस्तकातही तो आहे. रॅकून हा झाडावर चढणारा अमेरिकेतला प्राणी, त्याची शिकार रात्री होते. कुत्रे वास काढत जातात, रॅकून झाडावर चढतो, कुत्रा बुंध्यावर पुढचे पाय टेकून भुंकत राहतो आणि शिकारी आवाजाच्या दिशेने येतो. रॅकून फांदीवरून शेजारच्या झाडावर गेलेला असला तरी वास मात्र या बुंध्याशीच असतो, म्हणून कुत्रा इथेच भुंकतो. त्याच्या प्रामाणिकपणात काही खोट नाही, हे लक्षात घ्या. म्हणून इंग्रजीत हे वाक्य वरिष्ठालाही म्हणता येतं. मराठीत 'भुंकणे' आणलंत की थेट शिवी होते. 'काखेत कळसा नि गावाला वळसा' ही म्हण इथे सुचते खरी, पण तिच्यात शोधणाऱ्याचा बावळटपणा आहे, आणि वस्तू त्याच्याजवळच आहे. तपास अधिकाऱ्याला ते लागू नाही.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या भागांत येतीलच असे आणखी काही.

घोडा पळाल्यावर तबेल्याचं दार लावणे. याला मराठीत जो जोड आहे त्यासारखा दुसरा मला माहीत नाही: 'बैल गेला नि झोपा केला'. 'झोपा' म्हणजे झोप असं समजणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. झोपा म्हणजे गोठ्याच्या तोंडाशी लावायचं काट्याकुट्यांचं, कामट्यांचं दार. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी जॉन गॉवर यांनी इंग्रजीत लिहिलं, की मोठा घोडा चोरीला गेल्यावर माणूस सावध होतो आणि तबेल्याचं दार घट्ट लावतो. तिथे घोडा चोरला होता. पुढे इंग्रजांनी तो स्वतःच पळाल्याचं केलं. डच भाषेत वासरू बुडाल्यावर विहीर बुजवतात. पीटर ब्रूगेल यांनी १५५९ मध्ये डच म्हणींचं एक अजब चित्र काढलं, शंभराहून जास्त म्हणी एकाच गावात घडताना. ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्यात हा विहीर बुजवणारा दिसतो, डुकराची लोकर कातरणारा दिसतो, डुकरांपुढे गुलाब टाकणारा दिसतो, आणि चिलखत घालून मांजराच्या गळ्यात घंटा बांधणाराही दिसतो. अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाने हे चित्र मोठं करून एकदा तासभर पाहावं. शेतकरी जिथे जिथे जनावरं राखतो तिथे तिथे तो त्याच चुका करतो आणि जवळपास त्याच म्हणी बनवतो, हे कुणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. 'वरातीमागून घोडे' मात्र इथे जपून वापरा. ते उशिरा पोहोचण्याबद्दल आहे. बैल गेल्याचं नुकसान त्यात नाही.

डुकरांपुढे मोती बायबलमधले, मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं सहावं वचन. मूळ वचनात पुढचा धोकाही आहे: डुकरं मोती पायदळी तुडवतील आणि उलटून तुम्हालाच फाडतील. रोजच्या इंग्रजीत तो धोका गळाला आणि तुच्छता तेवढी उरली. आपलं 'गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता' याच जातीचं, पण माझ्या मते जास्त जिवंत. आपलं गाढव निदान तुलना करून मत तरी देतं. हा वाक्प्रचार मराठीत आणा किंवा इंग्रजीतच ठेवा, ऐकणाऱ्याचा तो अपमान आहे, हे विसरू नका. पात्र तुसडं असेल तरच.

घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाजता येत नाही. ही आजही बोलल्या जाणाऱ्या इंग्रजी म्हणींमधली सगळ्यांत जुन्यांपैकी एक. ११७५ च्या सुमाराच्या धर्मप्रवचनांत ती आहे. बहुतेक जण 'पालथ्या घड्यावर पाणी' लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. पालथ्या घड्यात पाणी राहूच शकत नाही. घोडा पिऊ शकतो, त्याला प्यायचं नाहीये. एकात क्षमता नाही, दुसऱ्यात इच्छा नाही. शिक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या तोंडी ही म्हण असेल तर एवढ्या फरकाने पात्राचा स्वभाव बदलतो. सरळ लिहावं: 'मी सांगू शकतो, ऐकायचं त्याच्या मनात हवं.' म्हाताऱ्या कुत्र्याला नव्या करामती शिकवता येत नाहीत, ही म्हण तर आधी शेतीचा साधा सल्ला होता. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या फिट्झहर्बर्टच्या शेतीच्या पुस्तकात मेंढपाळाला सांगितलंय की कुत्र्याला पिल्लू असतानाच शिकवा, मोठ्या कुत्र्याला नाक जमिनीला लावून वास घ्यायला लावणं अवघड.

डुकरिणीच्या कानाची रेशमी थैली होत नाही, हे १५७९ मध्ये स्टीफन गॉसन यांच्या लेखनात येतं. आपल्याकडे कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, तसं. जवळजवळ साडेतीनशे वर्षं ही म्हण निर्धास्त होती. मग १९२१ मध्ये अमेरिकेत आर्थर डी. लिटल यांच्या रसायन-सल्लागार संस्थेने ती खोटी पाडायचं ठरवलं. शिकागोच्या एका मांस कंपनीकडून डुकरिणींच्या कानांपासून बनवलेला सुमारे १० पौंड सरस, म्हणजे चिकटवायचा गोंद, मागवला, त्यातून कृत्रिम रेशमासारखे तंतू काढले, ते विणले आणि खरोखर थैली केली. आज ती स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. धागा कच्चा होता, व्यापाराच्या कामाचा नव्हता. रसायनशास्त्राला 'अशक्य' म्हणू नका, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मला या प्रयोगाबद्दल मनापासून आदर आहे.

मांजरं हाकणे, 'हर्डिंग कॅट्स', यांतलं सगळ्यांत तरुण. १९८० च्या दशकात संगणक क्षेत्रातल्या व्यवस्थापकांच्या बोलण्यातून ते पसरलं, आणि २००० च्या जानेवारीत ईडीएस या संगणक-सेवा कंपनीने सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दाखवलेल्या जाहिरातीने घराघरांत गेलं: घोड्यांवर बसलेले गुराखी माळावरून हजारो मांजरं हाकताहेत. तराजूत बेडूक तोलणे हा त्याचा आपला नातलग.

आणि इंग्रजीच्याही आधीचं एक: बोकडाचं दूध काढणे. व्हर्जिलच्या लॅटिन काव्यात ते आहे, आणि ग्रीक लेखक ल्युशियनने त्यात भर घातली: एक जण बोकड पिळतोय, दुसरा खाली चाळणी धरतोय. सॅम्युअल जॉन्सन १७६३ मध्ये संशयवादी विचारवंतांबद्दल म्हणाले, की सत्याची गाय त्यांना दूध देईना म्हणून ते बैल पिळायला गेले. विदर्भ-मराठवाड्यात यालाच 'हाल्या हाल्या दूध दे' म्हणतात. हाल्या म्हणजे रेडा. ही जोडी जमते तेव्हा मला फार आनंद होतो.

अर्थ उलटण्याचं एक घरचं उदाहरणही आहे. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' हे शाळांच्या भिंतींवर उत्साह वाढवायला रंगवतात. भर्तृहरीच्या श्लोकाचं वामन पंडितांनी केलेलं हे मराठी रूप पुढे वाचा. मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात फिरता सशाचं शिंगही मिळेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असा तो श्लोक आहे. म्हणजे तो निष्फळ प्रयत्नाबद्दलच होता! रानहंसाच्या शर्यतीचं जे झालं तेच वाळूच्या तेलाचं झालं.

आता तुमच्या तीन ओळी. एक पेच आधी सांगते. यॉर्कशरच्या पावसात उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरच्या तोंडी कढी किंवा गीता घातली की प्रेक्षक दचकतो. पुस्तकात एखाद्या वेळी खपतं; पडद्यावर समोर माणूस दिसत असताना खपत नाही. 'मृगजळ' चालतं, कारण त्यात घरगुती वास नाही. शिवाय ओळ वाचायला दोन-तीन सेकंदच मिळतात.

खबऱ्याने खोटी माहिती दिल्यावरची ओळ: 'त्याने आपल्याला उगाच वणवण करायला लावलं.' साक्षीदार इन्स्पेक्टरला बार्किंगचं वाक्य म्हणतो तिथे: 'साहेब, तुमचा संशय भलत्यावर आहे.' आणि शेवटी वरिष्ठ अधिकारी फाईल मिटवत मेलेल्या घोड्याचं वाक्य म्हणतो. तुम्हीच पाठवलेल्या पानावर पुढच्या प्रसंगात तीच फाईल इन्स्पेक्टर गुपचूप घरी नेतो. म्हणजे घोडा मेला, हे वरिष्ठाचं म्हणणं आहे, मालिकेचं नाही. तिथे 'यातून काही मिळणार नव्हतंच' असं पक्कं विधान करू नका. 'आता यात काही राहिलं नाही, सोडून दे' असं लिहा, म्हणजे तो निर्णय त्याच्याच तोंडचा राहील.